चेनचा लेयर

घणसोली गावात, पिठाच्या गिरणीला लागून
आमचं फ्लेक्सचं दुकान.
मशीन सुरू झालं की गिरणी ऐकू येत नाही,
गिरणी सुरू झाली की गिऱ्हाईक.

सात वर्षं मी इथे पुरुष दुरुस्त करते.

पोट आत घेते. कपाळावरचं टक्कल भरते.
सुजलेल्या पापण्या, गालावरचा
रात्रीच्या भांडणातला ओरखडा
पुसून चेहऱ्यावर सकाळ आणते.
गॉगलवाल्याच्या काचेत ढग सोडते.
'भावी' इतक्यांदा टाईप केलंय
की भ दाबला की पुढचं बोटं आपणच लिहितात.
मागे कुणाला सिंह हवा असतो, कुणाला पळते घोडे.
एकाने बैल आणला, स्वतःचा, शर्यतीतला.
तेवढा एकच फोटो होता तसा छापला.

जयवंत केणी संध्याकाळी आला.
बुलेट पायरीला टेकेल इतकी जवळ लावली,
बंद करायच्या आधी एकदा उगाच गुरगुरवली.
शर्टाची तीन बटणं उघडी, आणि आत
मानेभोवती फिकट पट्टा,
उन्हाने न रापलेला,
चेन असायची तिथे.
'गेल्या सालची चेन याच्यावर चढव गो बाय.
जरा जार कर.'
मी काही विचारलं नाही. सोनं कुठे बसलंय
हे गावाला पावतीच्या आधी कळतं.
बहिणीची हळद तीन दिवस वाजली होती.
साडेबारा टक्क्याचा प्लॉट त्याआधीच गेलेला,
थोरल्याच्या हळदीत.

माझ्याकडे एक चेन आहे.
कडेने कापून, सावलीसकट जपलेली.
अकरा गळ्यांत घातलीय आजवर.
मूळची ज्याच्या गळ्यातली, त्याचा
श्रद्धांजलीचा बोर्डही मीच केला.
त्यातही ती ठेवली. घरच्यांनी तसं सांगितलं.

फोटोत जयवंतच्या खांद्यावर त्याचा ओजस,
दोन्ही हात बापाच्या कपाळावर.
दुकानातही आलेला. हात चड्डीच्या खिशात.
'आनि ती नखां पूस,'
जयवंत हळूच म्हणाला,
नेमकी तेव्हाच गिरणी थांबली.
आत्याच्या हळदीत बायकांत बसलेलं पोर,
कुणीतरी हौसेने लावलं असेल. गुलाबी.
'पोऱ्याला लोकं उद्या...'
वाक्य त्याने तिथेच आत ओढून घेतलं,
फोटोत पोट घेतात तसं.

चारशे टक्के झूम केलं की
नख हे नख राहत नाही,
नुसते चौकोन. रंग उचलायचा, रंग फासायचा.
अंगठा. तर्जनी. अशी नऊ.
उजवी करंगळी राहिली.
विसरले म्हणा.

बाबा माथाडी होते, कांद्याच्या मार्केटात.
त्यांचा एकच फोटो, बिल्ल्यावरचा, टिकलीएवढा.
त्यातही छाती फुगवून श्वास धरलेला.
फोटोवाल्याने वेळ लावला असणार,
डोळे जरा बाहेर आलेत.

वीस बाय दहा.
आठवडाभर नाक्यावर उभा होता जयवंत,
दात शुभ्र, चेन मनगटाएवढी,
कपाळावर पोराचे हात,
आणि एक गुलाबी नख,
लिंबाएवढं.
फटाके वाजले, केक तलवारीने कापला.
कुणी काही बोललं नाही.
सगळे चेन बघत होते,
चेन असतेच त्यासाठी.

पालिकेची गाडी यायच्या आत उतरवला.
आता त्याच्या आईने त्याने सुकट झाकलीय,
मागच्या अंगणात, डोकं खाली करून.
परवा तिकडून जाताना पाहिलं:
वाऱ्याने एक कोपरा फडफडत होता
आणि ओजस विटेवर बसलेला.
तो उठला, कोपरा नीट केला,
वर दगड ठेवला.
मग थोडा वेळ बघत राहिला,
आणि दगड
बोटभर बाजूला सरकवला.